खिळ्यावरची डबी

खिळ्यावरची डबी उतरवली तेव्हा कल्याणप्पाच्या बोटांना विभूती लागली. पांढरी, भुरभुरीत, ताजी. बोटं धोतराला पुसता पुसता तो थांबला. डबीला विभूती लागायचं काही कारणच नव्हतं. चार वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. निदान त्याची तरी तशी समजूत होती.

डबी चांदीची, लिंबाएवढी. तिच्यात त्याचं इष्टलिंग होतं. पोर लहान असतानाच स्वामी येऊन ते गळ्यात बांधतात. मग माणूस जाईल तिथं ते जातं, आणि शेवटी त्याला मातीत बसवतात तेव्हाही ते त्याच्या तळहातावर असतं. एकाचं लिंग दुसऱ्यानं घालायचं नसतं, हे त्यांच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कल्याणप्पानं मात्र आपलं लिंग चार वर्षांपूर्वी, बायकोला माती देऊन आल्या दिवशी, गळ्यातून काढलं आणि सोप्यातल्या या खिळ्याला अडकवलं. तेव्हापासून ते तिथंच होतं.

आज ते उतरवायला लावलं त्याच्या थोरल्या बहिणीनं, रुद्रम्मानं. त्यांचे अप्पा जाऊन चार दिवस झाले होते. रविवारी गणाराधना, म्हणजे अप्पांच्या नावानं पूजा आणि गावजेवण. त्या दिवशी तरी लेकाच्या गळ्यात लिंग पाहिजे, एवढा एकच हट्ट तिनं धरला होता.

"एका दिवसानं तुझं काय झिजत न्हाय," ती म्हणाली होती. तिच्याशी वाद घालून आजवर कुणाला यश आलं नव्हतं.

त्यानं डबी उघडली. आत हिरव्या इरकलीचा तुकडा होता, पार्वतम्माच्या लुगड्याचा. लग्नानंतर तिनंच तो कापून लिंगाला गुंडाळायला दिला होता. तुकड्याच्या घडीत बेलाचं पान निघालं. पान सुकलेलं होतं, पण फार सुकलेलं नव्हतं. आठवड्याभरापूर्वीचं असावं. कल्याणप्पानं कापड उलगडलं, लिंग तळहातावर घेतलं आणि दाराच्या उजेडात गेला.

लिंगाच्या काळ्या लेपावर एका कडेला जोंधळ्याच्या दाण्याएवढा डाग होता. बाकीच्या लेपापेक्षा जरा गडद.

"अक्का, जरा हिकडं ये."

"हात गुंतल्यात. तिथनंच बोल." रुद्रम्मा अंगणात खपली गहू निवडत बसली होती.

"न्हाय, तूच ये."

ती पदराला हात पुसत आली. तिनं तळहाताकडे पाहिलं, मग वाकून पाहिलं. त्या डागाची गोष्ट दोघांनाही माहीत होती. बहात्तरच्या दुष्काळात अप्पा तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. एकदा दगडाची कपची उडाली ती थेट त्यांच्या छातीवर, गळ्यातल्या डबीवर. डबी चेपली, आतल्या लिंगाच्या कडेचा लेप उडाला. स्वामींनी तो पुन्हा भरून दिला. "बरं झालं देव मधी आला," असं अप्पा पुढं कितीतरी दिवस हसून सांगायचे, आणि चेपलेली डबी मुद्दाम तशीच ठेवायचे.

"हे तर अप्पांचं," रुद्रम्मा म्हणाली.

"व्हय."

"तुझ्या डबीत?"

"व्हय."

"मग अप्पांसंगं मातीत काय गेलं?"

कल्याणप्पानं लिंग इरकलीच्या तुकड्यात परत गुंडाळलं. रुद्रम्मा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

"अय्यो शिवा," ती म्हणाली, "तुझं गेलं की रं. अन् माझा बाप आपल्या लिंगाबिगर गेला."

---

अप्पा, म्हणजे शरणप्पा, गेले तेही कुणाला ध्यानीमनी नसताना. सोमवारी सकाळी दूध सोसायटीत दूध घातलं, बाहेरच्या कट्ट्यावर टेकले, शेजारी बसलेल्या बब्रुवानला म्हणाले, "दोन चहा सांग." चहा यायच्या आत मान कलली. वय अठ्ठ्याहत्तर. बब्रुवान त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, मराठ्याच्या आळीतला, पण दोघांची दोस्ती जुनी. त्या दिवशी रडून झाल्यावर तो म्हणाला होता, "जाताजाता बी दुसऱ्यालाच पाजून गेला. दोन्ही कप माझ्यापुढं आले की."

गावातल्या त्या सोसायटीत कल्याणप्पा सेक्रेटरी होता. पहाटे पाचला तो जाऊन कुलूप काढायचा, दुधाची गाडी गेली की आठ-साडेआठला घरी यायचा. तोवर अप्पांची पूजा झालेली असायची आणि भाकरीही थापलेली असायची. पार्वतम्मा काविळीनं गेल्यापासून घरात दोघंच पुरुष. मूलबाळ नव्हतं. अप्पांची भाकरी बोटभर जाड. पण "जाड हाय का?" असं ते रोज विचारायचे आणि "न्हाय, चांगली हाय," असं तो रोज म्हणायचा.

लिंग खिळ्याला अडकवल्या दिवशी अप्पा काही बोलले नव्हते. कल्याणप्पा वाट पाहत होता. बोलले असते तर तो म्हणणार होता, की ज्यानं तिला नेलं त्याला मी छातीवर बाळगत नाही. शब्द जुळवून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला तर अप्पा हातात वरवंटा घेऊन खिळा ठोकत होते.

"हालत व्हता," ते म्हणाले. "पडंल म्हणून."

तेवढंच. चार वर्षांत त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

---

विरुपाक्ष स्वामी दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाहून आले. त्यांचं वय अप्पांएवढंच, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. अप्पांच्या समाधीत उतरून चेपलेल्या डबीतलं लिंग काढून अप्पांच्या तळहातावर ठेवलं होतं ते यांनीच. त्यांनी कल्याणप्पाच्या हातातलं लिंग चष्म्याजवळ नेलं, डागावरून अंगठा फिरवला आणि सुस्कारा सोडला.

"ह्यो लेप माझ्या हातचा. शरणप्पाचंच हाय हे." मग जरा वेळानं, "तरीच त्या दिवशी हाताला गुळगुळीत लागलं. मला वाटलं, गड्यानं लई पूजा केली."

"आता काय करायचं, अय्या?" रुद्रम्मानं विचारलं.

"शास्त्र इचारशील तर ज्याचं त्याच्यासंगं गेलं पाहिजे. समाधी उघडायची, अदलाबदल करायची, परत झाकायची. म्या करतो. पण ते गणाराधनेच्या आधी. एकदा पंगत उठली की मग त्या मातीला हात लावायचा न्हाय."

"मग उघडू," रुद्रम्मा म्हणाली. "माझ्या बापानं जन्मभर कुणाचं काही घेतलं न्हाय. वर दुसऱ्याचं घेऊन कशाला जाईल?"

स्वामींनी कल्याणप्पाकडे पाहिलं. "तू लेक हाईस. तुझं काय?"

"उघडू की."

त्यालाही तेच सोपं वाटत होतं. अप्पांचं अप्पांना मिळेल. स्वतःचं परत आलं की रविवारी दिवसभर घालावं आणि सोमवारी पुन्हा खिळ्याला अडकवावं. म्हणजे सगळं होतं तसं होईल.

"पण झालं कसं हे?" स्वामींनी विचारलं. "तुझ्या डबीला हात कोण लावायचं?"

"ठाऊक न्हाय," कल्याणप्पा म्हणाला. "डबीवर इभूत व्हती. आत बेलाचं पान व्हतं."

रुद्रम्मानं डोळ्याला पदर लावला. "अप्पा. आणखी कोण? त्यास्नी दिसत कुठं व्हतं धड? दोन्ही पूजा करताना चुकून बदलली आसतील."

सगळ्यांना ते पटलं. अप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, हे खरंच होतं. खिळ्यावरच्या त्याच्या लिंगाचीही पूजा अप्पा रोज करत होते, हे मात्र कल्याणप्पाला तेव्हाच कळलं. तो उठून बाहेर गेला आणि पाणी नसलेल्या रांजणात उगाच डोकावून आला.

---

रविवारी पहाटे सोसायटीसमोर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. पाऊस सलग दोन वर्षं दगा देऊन गेला होता. कडबा संपला होता, गावात टँकर यायचा, म्हशी आटत चालल्या होत्या. चार कॅन भरायचे तिथं जेमतेम दोन भरत. पण त्या दिवशी गाडीच्या कॅनशेजारी एक रिकामा कॅन वेगळा ठेवला होता, हुग्गीसाठी. खपली गव्हाची, गूळ-दुधाची हुग्गी अप्पांना फार आवडायची. ज्याला वाटेल त्यानं त्यात आपल्या हातानं दूध घालावं असं ठरलं होतं. कुणी तांब्याभर घातलं, कुणी पेलाभर. एका शेळीवालीनं लाजत लाजत वाटीभर शेळीचं घातलं.

बब्रुवान आपली किटली घेऊन पुढं आला. कल्याणप्पानं हाताच्या सवयीनं लॅक्टोमीटर उचलला आणि किटलीत सोडला. तो पार खाली गेला.

"काका, अप्पांच्या हुग्गीत बी पाणी?"

"पाणी?" बब्रुवान ओरडला. "आरं गावात पाणी हाय कुठं? आसतं तर म्या पिलो नसतो का?"

सगळे हसले. अप्पा गेल्यापासून सोसायटीसमोर हसण्याचा पहिलाच आवाज झाला. बब्रुवाननं किटली कॅनमध्ये उपडी केली. "तुझ्या बापाला चालत व्हतं हे दूध. त्यानं कदी मापलं न्हाय."

गाडी गेल्यावर पाच-सहा जण शेताकडे निघाले. पुढं स्वामी, मागं रुद्रम्मा, मग कुदळ खांद्यावर घेऊन बब्रुवान. माती आपण काढणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, असं त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. कल्याणप्पाच्या हातात खोरं होतं आणि अंगरख्याच्या खिशात डबी.

याच वाटेनं त्यांनी अप्पांना नेलं होतं. खुर्चीत बसवून, कपाळभर विभूती, गळ्यात हार. पुढं हलगी आणि मागं भजन. "रडायचं आसंल त्यानं घरी बसावं, मला वाजवत न्या," असं अप्पांनीच सांगून ठेवलं होतं. आळीतली पोरं तर लग्नाच्या वरातीत नाचावीत तशी नाचली होती. आज हलगी नव्हती. पायाखाली ढेकळं फुटत होती.

समाधी बेलाच्या झाडाखाली होती. झाड अप्पांनीच लावलेलं. घरात भांडी धुतलेलं पाणी बादलीत साठवून ते इथवर आणून घालायचे. साऱ्या शिवारात तेवढंच हिरवं होतं.

तिथं मथुराबाई त्यांच्याआधीच येऊन बसली होती. साठीची, पाठीत वाकलेली, गावातली जुनी विधवा. शेजारी झाकलेला तांब्या.

"तू कशाला आलीस गं उन्हाची?" बब्रुवान म्हणाला. "दूध सोसायटीत घालायचं व्हतं."

"सोसायटीतल्या कॅनमधी घालीन, पण आदी त्याला दाखवून. त्याच्याच म्हशीच्या वंशाचं हाय."

"त्याची कुठली? तुझी म्हैस."

"माझी कशी? तू काय इसरलास व्हय रं, बब्रू?"

बब्रुवाननं कुदळ जमिनीला टेकवली आणि एकदम मोठ्यानं हसला. एवढ्या मोठ्यानं, की रुद्रम्मा दचकली.

"इसरतोय कसा! अय्या, ऐका हे. तुमी तवा तिथं नव्हता. सोसायटी नवी नवी व्हती. पयल्यांदा म्हशी आणल्या गावात. कुणाला कुठली द्यायची ह्यावरनं भांडणं नकोत, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. शरणप्पाला निघाली गरीब गाय. म्हंजे म्हैसच, पण गाईवाणी. अन् हिला निघाली ती! शिंगं आशी, डोळे आसे. पयल्याच दिवशी हिला अन् चरवीला दोघींना बी लाथ घातली."

"चरवी अजून चेपलेली हाय," मथुराबाई म्हणाली.

"ही बसली रडत. शरणप्पा गेला, अन् म्हणतो कसा, 'मथुरा, माझी म्हैस लई गरीब हाय. मला करमत न्हाय तिच्यासंगं. मला जरा भांडकुदळ पाहिजे. बदलून घेतीस का?' जसं काय हीच त्याच्यावर उपकार करणार! अन् घेतली की बदलून. तीन वर्षं लाथा खाल्ल्या गड्यानं. गुडघ्याला हळद लावून बसायचा कट्ट्यावर. म्या म्हणलं, 'काय झालं रं?' तर म्हणायचा, 'काय न्हाय, आज जरा गप्पा झाल्या.'"

स्वामी पोट धरून हसत होते. रुद्रम्माही हसत होती, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी काढत.

"त्याची खोडच व्हती ती," बब्रुवान कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "बहात्तरला तलावाच्या कामावर मला काळ्या दगडाचा ढीग आला. घाव घालावा तर हातोडी उडून यायची. माझ्या हातास्नी फोड आलेले. हा शेजारच्या ढिगावर. त्याचा दगड मऊ. दुपारी भाकरी खाऊन आलो तर हा माझ्या ढिगावर बसलेला. म्हणलं, 'आरं, ही जागा माझी.' तर म्हणतो, 'हितं सावली हाय, मला उन्हाचा त्रास व्हतो. तू तिकडं बस.' आता तलावाच्या कामावर सावली कुठनं आली? अय्या, त्याच दगडाची कपची उडून बसली त्याच्या डबीवर. माझ्या दगडाची."

मथुराबाईनं तांब्यावरचं फडकं नीट केलं.

"चला," बब्रुवान म्हणाला आणि धोतर खोचून त्यानं कुदळ उचलली. "उन्हाच्या आदी व्हऊ द्या."

"काका, थांबा," कल्याणप्पा म्हणाला.

त्याचा हात खिशात होता. डबीवर.

"तुमी रोज सकाळी आमच्या ओट्यावर चहाला यायचा. अप्पांची पूजा चाललेली आसायची तवा."

"व्हय की. त्याचं उरकल्याशिवाय चहा कुठला मिळायला?"

"ते माझ्या लिंगाची बी पूजा करायचे. तुमाला ठाऊक व्हतं?"

बब्रुवाननं कुदळ खाली घेतली. तो रुद्रम्माकडे पाहू लागला, मग स्वामींकडे. "मला म्हणला व्हता, पोराला सांगू नको."

"दोन्ही लिंगं एकदम काढायचे का हो? हातावर, न्हाय तर ताटात? दोन्ही संगंच?"

"छे, छे. एकदम कशी काढंल? आदी गळ्यातलं. त्याची पूजा करायची, डबीत घालायचं, डबी गळ्यात. मग उठायचा, खिळ्यावरची उतरवायचा, अन् पुन्हा पयल्यापासनं. एक झाकल्याबिगर दुसरी उघडायचा न्हाय. लई येळ लागायचा. म्या वैतागायचो. चहाला उकळ्या फुटत आसायच्या अन् ह्याचं दुसऱ्यांदा चाललेलं."

"रोज आसंच?"

"चार वरसं. एक दिवस चुकला न्हाय."

कल्याणप्पानं डबी बाहेर काढली. झाकण उघडलं नाही, नुसती मुठीत धरली. एक झाकल्याबिगर दुसरी उघडायची नाही, मग चुकून बदलणार कशी? चांदी त्याच्या अंगाच्या उबेनं गरम झाली होती. तो समाधीकडे पाहत राहिला. मग त्याच्या तोंडावर काहीतरी हललं आणि तो हसला. आधी नुसता नाकातून, मग खांदे हलेपर्यंत.

"काय झालं रं?" रुद्रम्मा घाबरली.

"काय न्हाय, अक्का." त्यानं मनगटानं डोळे पुसले. "समाधी उघडायची न्हाय."

"आरं पण अप्पा दुसऱ्याचं घेऊन…"

"अप्पांनी बदलून घेतलंय."

रुद्रम्मा त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं समाधीकडे पाहिलं, मग मथुराबाईच्या तांब्याकडे. तिचा हात सावकाश गळ्यातल्या स्वतःच्या डबीकडे गेला आणि तिथंच राहिला.

बब्रुवान पाठ फिरवून बेलाच्या झाडाशी उभा राहिला. नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"कदी घेतलं आसंल?" जरा वेळानं रुद्रम्मानं विचारलं. "औंदा? का तवाच?"

"कुणास ठाऊक."

त्याला वरवंटा आठवला. खिळा हालत नव्हता, हेही त्याला आता आठवलं. त्यानंच तो लग्नाच्या वर्षी ठोकला होता, चांगला बोटभर आत.

"अय्या," रुद्रम्मा म्हणाली, "शास्त्रात बसतं का हे?"

विरुपाक्ष स्वामींनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. पुन्हा घातला. "बसत न्हाय," ते म्हणाले. "पण शरणप्पा तरी कुठं बसत व्हता?" मग कल्याणप्पाकडे वळून म्हणाले, "गळ्यात घाल ते. आन् ऐक, हे तुझं व्हायचं तर दीक्षा नव्यानं घ्यावी लागंल. तवर रोज पूजा कर. भुईवर ठेवू नको, अन् खिळ्याला तर अजाबात न्हाय."

कल्याणप्पानं डबीचा दोरा डोक्यावरून घातला. डबी छातीवर आली. चार वर्षांत छाती तिला विसरली होती. पहिल्यांदा ती जड लागली.

मथुराबाई उठली आणि तांब्या त्याच्या हातात देऊन म्हणाली, "मग आता चला की. हुग्गी काय आपल्या आपण शिजणार हाय का?"

बब्रुवाननं कुदळ खांद्यावर टाकली. "मला फुकट हितवर आणलं," तो म्हणाला. "ह्यो बाप-लेकाचा काय सौदा व्हता तो आदीच सांगायचा."

---

हुग्गी दोन कढया झाली. टँकरवाल्यालाही पंगतीत बसवलं. त्या बदल्यात त्यानं लोकांची तोंडं धुवायला एक पिंप जास्त सोडलं. भजनी मंडळानं दुपारी सुरू केलेलं भजन संध्याकाळी दिवे लागले तरी थांबेना. शेवटी रुद्रम्मानंच येऊन टाळ काढून घेतले. बब्रुवाननं तीन वेळा हुग्गी घेतली आणि तिन्ही वेळा तिच्यात पाणी जास्त झाल्याचं सांगितलं.

सोमवारी रुद्रम्मा पहिल्या एसटीनं सासरी, आळंदला निघाली. जाताना तिनं भावाच्या गळ्याकडे पाहिलं, दोरा दिसतो का ते. दिसला. मग ती गाडीत चढली आणि खिडकीतून ओरडली, "पिठाचा डबा भरून ठेवलाय! भाकरी पातळ थाप!"

कल्याणप्पा घरी आला. सोसायटीत दूध घेऊन झालं होतं, गाडी यायला अजून थोडा वेळ होता. त्यानं हातपाय धुतले आणि देव्हाऱ्यासमोर अप्पांच्या पाटावर बसला. पाट मधोमध झिजून खोलगट झाला होता, त्यात त्याची बैठक बरोबर बसली. समोर तांब्यात पाणी, विभूतीची गोळी, काल शेतातून आणलेली बेलाची पानं. त्यानं डबी उघडली, हिरवं इरकल सोडलं आणि लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. डाग त्याच्या बाजूला आला.

मग त्याचा उजवा हात तांब्याकडे गेला आणि मधेच थांबला. आधी पाणी, की आधी विभूती? त्यानं विभूतीकडे हात नेला. तो परत घेतला. लहानपणी अप्पांनी मांडीवर बसवून शिकवलं होतं. पुढं वीस-पंचवीस वर्षं न विचारता हात चालले होते. आता हात विसरले होते. अप्पांना विचारावं म्हणून त्यानं मान वळवली आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

बाहेर ओट्यावर काठी टेकल्याचा आवाज झाला.

"कल्याणप्पा! चहा हाय का न्हाय?"

"यायलोय, काका."

"का रं लई येळ लावलास? तुझा बाप तरी बरा व्हता."

"काका, आदी पाणी का आदी इभूत?"

मग बब्रुवान म्हणाला, "आरं म्या मराठ्याचा. मला काय ठाऊक? म्या चहाकडं बघत बसायचो." आणि जरा थांबून, "स्वामींकडं जाऊ की. दुपारच्याला. म्या येतो संगं."

लांबून दुधाच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, आज लवकर आली होती. कल्याणप्पानं लिंग पार्वतम्माच्या फडक्यात गुंडाळलं, डबीत ठेवलं, डबी अंगरख्याच्या आत सोडली आणि सोसायटीची किल्ली घेऊन उठला. पूजा अजून करायची राहिली होती.